दौलतजादा : गिऱ्हाइकाचे नाव कुठे लिहिले जाते?

तमाशाच्या बोर्डावर किंवा संगीत बारीच्या थिएटरात एखाद्या प्रेक्षकाने नोट पुढे केली की गाणे क्षणभर थबकत असे. नाचणारी ती नोट घ्यायला येई. मग सोंगाड्या किंवा गाणारी बाई देणाऱ्याचे नाव, गाव आणि रक्कम खड्या आवाजात पुकारीत असे आणि शेवटी ठरलेला शब्द येई, 'दौलतजादा'. 'आपली दौलत जादा होवो' असा त्या फारसी वळणाच्या शब्दातला आशीर्वाद. पुढे आशीर्वाद मागे पडला आणि उधळलेल्या पैशालाच दौलतजादा म्हणू लागले.

या क्षणी गिऱ्हाइकाला नाव असते, गाव असते, प्रतिष्ठा असते. शे-दोनशे माणसांसमोर ते पुकारले जाते. सकाळी मात्र ते कुठेही सापडत नाही. पोलिसांच्या नोंदीत, वैद्यकीय तपासणीच्या वहीत, जनगणनेच्या तक्त्यात, न्यायालयाच्या निकालपत्रात आढळते ती नाचणारी स्त्री, तिची जात, तिचे वय, तिचे उत्पन्न. रात्रीच्या करमणुकीचा महाराष्ट्रातील इतिहास अशा एकाच बाजूने लिहिला गेला आहे. पैसे देणारा, वर्षानुवर्षे त्याच बैठकीत बसलेला, सगळे रीतिरिवाज जाणणारा जो मुरलेला माणूस, त्याच्या डोळ्यांनी हे जग कसे दिसत होते? आणि त्याचे नाव कागदावरून गळाले तरी कसे? हा धागा त्या माणसाविषयी आहे.

प्रथम थोडे दूर जाऊ, जपानमध्ये. कारण तिथे अशा मुरलेल्या गिऱ्हाइकाने स्वतः लेखणी हातात घेतली होती.

एदो, म्हणजे आजचे टोकियो. तिथे १६१७ मध्ये शोगुनशाहीने योशिवारा नावाच्या वस्तीला परवाना दिला. १६५७ च्या भीषण आगीनंतर ती वस्ती असाकुसाजवळ हलवली गेली. भोवती खंदक आणि ये-जा करायला मुख्य दरवाजा एकच. दारात सामुराईलाही तलवार उतरवून ठेवावी लागे. आत जन्मजात दर्जा चालत नसे, चालत असे पैसा आणि रीतभात. या रीतभातीत पारंगत झालेल्या गिऱ्हाइकाला 'त्सू' म्हणत. पारंगत असल्याचा आव आणणारा तो अर्धवट त्सू, आणि काहीच न कळणारा तो 'याबो', म्हणजे गावंढळ. नवख्यांसाठी 'साइकेन' नावाच्या मार्गदर्शिका निघत. कोणते घर, कोणती स्त्री, तिचा दर्जा काय, दर किती, सगळे त्यात छापलेले. त्यांचा प्रसिद्ध प्रकाशक त्सुताया जूझाबुरो हा योशिवारातच जन्मला होता.

अठराव्या शतकात तर त्सू लोकांच्या गप्पा, फजिती आणि शहाणपण यांवर एक स्वतंत्र वाङ्मयप्रकारच उभा राहिला, 'शारेबोन'. त्याचा बिनीचा लेखक सांतो क्योदेन. त्याने दोन वेळा लग्न केले, दोन्ही वेळा योशिवारातल्या स्त्रीशी. १७९१ मध्ये सरकारने त्याची पुस्तके नीतिबाह्य ठरवली आणि त्याच्या हातांत पन्नास दिवस बेड्या ठोकल्या. त्सुतायालाही जबर दंड झाला. म्हणजे एदोत गिऱ्हाईक नुसते बोलत नव्हते, त्याबद्दल शिक्षाही भोगत होते.

पण या पुस्तकांच्या चटपटीतपणाला भुलण्याचे कारण नाही. योशिवारातल्या बहुतेक मुली आईबापांनी कर्जापोटी करारावर दिलेल्या होत्या. ज्यांच्या मृतदेहाला वाली नसे, त्यांना जवळच्या जोकान-जी मंदिरात आणून टाकले जाई. त्या मंदिराला लोकांनी दिलेल्या नावाचा अर्थच 'फेकून देण्याचे देऊळ' असा आहे. त्सूच्या पुस्तकात ही बाजू फारशी नाही. मुरलेल्या गिऱ्हाइकाला पुष्कळ दिसते, पण त्याला जे दिसते त्याला त्याच्याच गादीची उंची असते.

आता मराठीत येऊ. त्सू आणि याबो यांना आपल्याकडे शब्द नाहीत असे नाही, उलट ते अधिकच आहेत. बैठकीतला दर्दी तो 'रसिक'. त्याहून थोडा सैल तो 'शौकीन'. पैसा आणि वेळ दोन्ही हाताबाहेर गेलेला तो 'रंगेल'. घरच्यांच्या तोंडी तोच 'बाहेरख्याली', गावाच्या तोंडी 'नादी लागलेला'. कला कळत नाही पण डोळे मात्र वखवखलेले, तो 'आंबटशौकीन'. (या एका शब्दात मराठीने याबोहून पुष्कळ अधिक सांगितले आहे.) आणि बोर्डावरून बोलताना कलावंत स्त्रिया या सगळ्यांना एकाच नावाने हाक मारतात, 'मायबाप'. कोल्हाटी समाजात एखाद्या स्त्रीचा कायमचा आश्रयदाता झालेला पुरुष 'मालक' म्हणवला जातो. रसिकापासून मालकापर्यंतचा हा शब्दांचा उतार नीट पाहावा. सबंध व्यवस्था त्यात आहे.

शब्द एवढे, मग त्सूसारखे लेखन का नाही? त्याचे एक कारण असे की मराठी मुलखातले सर्वांत मोठे गिऱ्हाईक दीर्घकाळ सरकार स्वतःच होते. पेशवाईच्या उत्तरार्धात पुणे हे लावणीचे केंद्र झाले. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात होनाजी बाळा, परशराम, सगनभाऊ, प्रभाकर या शाहिरांची चलती होती. कलावंतिणींना सणावाराला, लग्नकार्याला, होळी-रंगपंचमीला बोलावले जाई आणि दिलेली बिदागी दफ्तरात रीतसर लिहिली जाई. पुरुष, पैसा आणि प्रसंग एकत्र नोंदवलेला असा हा काळ. बिदागीच्या नोंदी त्सूइतक्या रंगतदार नाहीत, पण त्यांत देणाऱ्याचे नाव आहे.

त्या दफ्तराची दुसरी बाजूही आहे. नाटकशाळांमधील अनेक स्त्रिया विकत घेतलेल्या वा शिक्षा म्हणून सरकारजमा झालेल्या बटकींमधून आल्या होत्या. शर्मिला रेगे यांनी १९९५ मध्ये लावणीवर लिहिलेल्या निबंधात हाच मुद्दा ठामपणे मांडला. लावणीत रंगवलेली आतुर, आसुसलेली नायिका ही बहुतांशी पुरुषांनी रचलेली आहे, आणि तिच्यामागे खालच्या मानलेल्या जातींतील स्त्रियांच्या देहावर आणि श्रमावर उभे राहिलेले अर्थकारण आहे, असे त्या दाखवतात. हे मान्य केले म्हणजे लावणीतील स्त्रीमनाचे कौतुक करताना जरा थांबावे लागते. ते मन मुख्यतः गिऱ्हाइकाला हवे तसे आहे.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली. शनिवारवाड्याची बिदागी बंद झाली आणि कलावंत नव्या आश्रयदात्यांच्या शोधात निघाले. काही जहागिरदारांकडे गेले, काही गावोगावच्या जत्रांत, आणि बरेचसे मुंबईत. ग्रँट रोडच्या परिसरात नाटकगृहांची रांग उभी राहिली. तिथल्या 'प्ले हाऊस'चे लोकांच्या जिभेवर 'पिला हाऊस' झाले. गिरणी कामगार, हमाल, खलाशी हे आता तिकीट काढणारे मायबाप होते. गिऱ्हाईक राजवाड्यातून रस्त्यावर आले आणि त्याच्याबरोबर त्याचे नाव दफ्तरातून बाहेर पडले.

वसाहतीच्या कायद्याने हा बदल पक्का केला. सैनिकांत गुप्तरोग पसरू नयेत म्हणून १८६८ मध्ये सांसर्गिक रोगांचा कायदा आला. त्याखाली वेश्याव्यवसायातील स्त्रियांची नोंदणी आणि सक्तीची तपासणी सुरू झाली. रोग दोघांमध्ये पसरत होता, नोंद एकीचीच झाली. १८८८ मध्ये तो कायदा मागे घेतला गेला, पण नोंदीची सवय राहिली. विसाव्या शतकाच्या आरंभी कामाठीपुऱ्यात जपानी स्त्रियाही होत्या. दक्षिण जपानच्या दरिद्री शिमाबारा आणि आमाकुसा भागांतून सिंगापूरपासून मुंबईपर्यंत पाठवल्या गेलेल्या या 'कारायुकी-सान'. मुंबईच्या पोलिसांना त्यांचा देश ठाऊक होता. त्यांच्याकडे जाणारा पुरुष कुठला, हे लिहून ठेवण्याची गरज कुणाला भासली नाही.

याच सुमारास परभणी कुठे होती? मुंबई इलाख्यात नव्हे, निजामाच्या हैदराबाद संस्थानात. ही गोष्ट या विषयात महत्त्वाची आहे, कारण परभणी-सेलू-मानवतच्या शौकीन माणसासमोर दोन वेगवेगळी रात्रजगे होती. हैदराबादच्या बाजूला उर्दू मैफल. तिची सर्वांत मोठी खूण म्हणजे मह लका बाई चंदा, ख्याल-ठुमरी आणि गझल यांत निष्णात, दरबारात मान आणि जहागीर मिळवलेली तवायफ. तिचा मृत्यू १८२४ चा, पण मैफलीचा तो रिवाज पुढे शंभर वर्षे टिकून राहिला. दुसऱ्या बाजूला मराठी तमाशा आणि लावणी. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर हैदराबादहून मनमाडला जाणारी रेल्वे परभणीवरून धावू लागली आणि दोन्ही बाजू एकाच रुळावर आल्या. एका दिशेला बसले की मैफल, दुसऱ्या दिशेला बसून मनमाडला गाडी बदलली की पिला हाऊस.

भाडे भरायला पैसा कुठून येत असे? कापसातून. सेलू, मानवत, परभणी या कापसाच्या बाजारपेठा. दिवाळीनंतर आडतीवर रोकड खेळू लागे. दसऱ्याला फड बाहेर पडत आणि वैशाखापर्यंत तमाशाचा हंगाम चाले. म्हणजे पीक हाती येणे आणि ढोलकी वाजू लागणे यांचे वेळापत्रक एकच होते. परभणीत दरवर्षी फेब्रुवारीत भरणारा सय्यद शाह तुराबुल हक यांचा उरूस, शेजारच्या नांदेड जिल्ह्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा, अशा ठिकाणी देव, बाजार आणि करमणूक एका मैदानात येत. माळेगावात घोडे-गाढवांची खरेदी उरकून त्याच पैशाच्या उरलेल्या सुट्ट्यांवर राहुटीत बसणारा शेतकरी, हे मराठवाड्यातल्या मायबापाचे साधे रूप. आडत्या, देशमुख, पाटील हे त्याचे खर्चिक रूप.

या खर्चिक गिऱ्हाइकाची खरी जागा म्हणजे संगीत बारी. तमाशात वग असतो, सोंगाड्या असतो, गणगौळण असते, आणि फड गावोगाव फिरतो. संगीत बारीत वग नाही, बायका नाचतात-गातात, आणि ती एका जागी, थिएटरात चालते. एका थिएटरात अनेक पार्ट्या राहतात. पार्टी एखाद्या जाणत्या कलावंतिणीच्या नावाने ओळखली जाते आणि तिच्यात नाचणाऱ्या मुली, गाणारी, पेटीवाला, तबलजी, ढोलकीवाला असतात. संध्याकाळी तिकिटाचा खेळ. प्रत्येक पार्टी आळीपाळीने बोर्डावर येते, म्हणून ती 'बारी'. खेळ आटोपला की खरी रात्र सुरू होते. गिऱ्हाईक आवडीची पार्टी ठरवून तिला बंद खोलीत बैठकीला बसवते. मोडनिंब, चौफुला, जामखेड ही या थिएटरांची नावाजलेली गावे. परभणीच्या माणसाला यांपैकी जामखेड जवळचे, बीड ओलांडले की आलेच.

नवखा आणि मुरलेला यांतला फरक इथे कळतो. नवखा खेळ पाहून शिट्ट्या वाजवतो आणि घरी जातो. बैठकीत बसलाच तर चित्रपटातले गाणे मागतो, नोटा एकदम उधळतो आणि तासाभरात रिकामा होतो. मुरलेला लोडाला टेकून बसतो, पान लावतो, आधी ढोलकी कशी बोलते ते ऐकतो. बैठकीची लावणी मुख्यतः बसून सादर होते. एकच ओळ पुनःपुन्हा गायली जाते आणि प्रत्येक वेळी डोळे, भुवया, बोटे तिचा नवा अर्थ सांगतात. ओळ एकदा ऐकून नोट देणारा अडाणी. तीच ओळ चौथ्यांदा वेगळी होते तेव्हा देणारा रसिक. त्याला छक्कड आणि चौकाची यांतला फरक कळतो, विरहाने भिजलेली संथ 'बालेघाटी' केव्हा मागावी हे कळते. (या प्रकाराचे नाव बालाघाटाच्या डोंगराशी जोडले जाते. त्याच डोंगराच्या रांगा परभणीच्या दक्षिणेला गंगाखेडकडे उतरतात.) नोट टाकायची नसते, धरायची असते. ती घ्यायला बाई उठून आली की मग नवा अंतरा. अशा बैठकीत पैसा हे वेळेचे माप असते आणि मुरलेल्याला ते माप रात्रभर पुरवता येते.

पण या चित्राची दुसरी चौकट अशी की बैठकीत निरीक्षण दोन्ही बाजूंनी चालते. गिऱ्हाइकाला वाटते तो पार्टी निवडतो आहे. कलावंतिणीला त्याचे गाव, त्याच्या आवडीची लावणी, सोबत आलेल्यांपैकी खरा पैसेवाला कोण आणि यंदाचे पीक कसे, हे सगळे ठाऊक असते. ओळख ठेवणे ही नाचण्याइतकीच तिची विद्या. आलेल्या पैशात थिएटर मालकाचा वाटा, साजिंद्यांचा वाटा, आणि उरलेल्यावर पुष्कळदा आईबाप, भाऊ, भावांची मुले जगतात. गादीवरून जे प्रेम दिसते ते समोरून हिशेब असू शकते. कधी दोन्ही असते. ज्या दर्दी माणसाला हे उमजते आणि तरीही जो पुन्हा येतो, त्याला खरा मुरलेला म्हणावे.

अशा माणसाने मराठीत लिहिले का? एकाने लिहिले, पण त्यासाठी त्याला गादी सोडावी लागली. रेठरे हरणाक्षचा श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, जन्म १८६६, ब्राह्मण, कुलकर्णी वतनदाराच्या घरातला. तमाशाचा नाद लागला, घर सुटले, जात सुटली आणि तो पठ्ठे बापूराव झाला. संगमनेर भागातून आलेल्या, महार समाजातील पवळाबरोबर त्याची जोडी मुंबईत गाजली. त्याने लावण्यांचा प्रचंड संभार रचला. त्सू क्योदेन शिक्षा भोगून पुढे प्रतिष्ठित लेखक म्हणून जगला. बापूराव १९४५ मध्ये पुण्यात विपन्नावस्थेत वारला. मात्र बापूराव निदान इतिहासात आहे. पवळाविषयी आज जे सांगितले जाते त्यातले बहुतेक त्याच्या गोष्टीतली नायिका म्हणून. प्रेक्षकातून बोर्डावर गेलेल्या पुरुषाला चरित्र मिळाले, बोर्डावरच जन्मलेल्या स्त्रीला आख्यायिका.

स्वातंत्र्याच्या सुमारास बाळासाहेब खेर यांच्या मुंबई सरकारने तमाशावर बंदी आणली. कारण अश्लीलता. फडांची उपासमार झाली, कलावंतांनी दाद मागितली, दत्तो वामन पोतदारांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली आणि संहिता तपासून घेण्याच्या अटीवर तमाशा परत आला. सुधारायचे काय होते? लावणीची भाषा, बाईचे कपडे, सोंगाड्याचे विनोद. प्रेक्षकाला सुधारण्याचा विचार कार्यक्रमपत्रिकेवर नव्हता. याच १९४८ मध्ये जपानने पुरुषांच्या रात्रीच्या करमणुकीच्या धंद्यांसाठी परवान्याचा कायदा केला. मुंबईने बंदीपासून सुरुवात केली, टोकियोने नियमनापासून. मौज अशी की मुंबईची बंदी परभणीला लागूच नव्हती. परभणी तेव्हा हैदराबादकडे होती. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात विलीन झाले आणि मराठवाडा मुंबई राज्यात आला तो थेट १९५६ मध्ये.

पुढे गिऱ्हाइकाची बाजू घेतली ती चित्रपटाने, आणि भलत्याच रीतीने घेतली. व्ही. शांताराम यांचा 'पिंजरा' १९७२ चा. त्याचे बीज 'द ब्लू एंजेल' या १९३० च्या जर्मन चित्रपटात आणि त्यामागच्या हाइनरिश मान यांच्या कादंबरीत आहे. गावाला सुधारायला निघालेला आदर्श शिक्षक नर्तकीच्या नादी लागतो. लोकांना वाटते त्याचा खून झाला, गाव त्याचा पुतळा उभारते, आणि तो स्वतः फडात बिननावाचा गडी होऊन राहतो. शेवटी स्वतःच्याच खुनाच्या आरोपात त्याला फाशीची शिक्षा होते. डॉ. श्रीराम लागूंचा मास्तर विसरता येत नाही. पण या कथेने पुढच्या पिढ्यांच्या मनात एक समजूत घट्ट बसवली की बैठकीत बळी जातो तो पुरुषाचा. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांची अखेर २००२ मध्ये हलाखीत झाली. दोन वेळा राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झालेल्या या कलावंतिणीच्या उपचारांना पैसे नव्हते. तिच्या आयुष्यातला पिंजरा त्या चित्रपटातल्या पिंजऱ्यापेक्षा फार वेगळा होता.

मग आले डान्स बार. ऐंशीच्या दशकापासून मुंबई, ठाणे, रायगड भागांत वाढलेल्या या धंद्यात तमाशातली दौलतजादा जशीच्या तशी शिरली, फक्त नाव पुकारायची प्रथा गळाली. म्हणजे इथे गिऱ्हाईक नोटा उधळत होते, पण अनाम राहून. २००५ मध्ये गृहमंत्री आर. आर. पाटील यांच्या पुढाकाराने मुंबई पोलीस कायद्यात ३३ अ आणि ३३ ब ही कलमे घालून बारमधील नाच बंद करण्यात आला. ३३ ब मध्ये सवलत होती. तारांकित हॉटेले, जिमखाने, क्लब यांना बंदी नव्हती. राज्याच्या लेखी नाच वाईट की चांगला हे नाचणारीवर नव्हे, पाहणाऱ्याच्या खिशावर ठरत होते. इतक्या काळाने कायद्याला गिऱ्हाईक दिसले, ते असे.

उच्च न्यायालयाने एप्रिल २००६ मध्ये ही बंदी रद्द केली. १६ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. दोन्हींचा रोख या भेदभावावर आणि स्त्रियांच्या उपजीविकेच्या हक्कावर होता. राज्याने २०१४ मध्ये दुरुस्ती केली, २०१६ मध्ये स्वतंत्र कायदा केला. त्या कायद्यात पहिल्यांदा गिऱ्हाइकाच्या हाताला कलम लागले. नोटा-नाणी उधळणे आणि स्त्रीशी असभ्य वागणे हा त्याचा गुन्हा ठरला. १७ जानेवारी २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अनेक जाचक अटी काढून टाकल्या, पण नोटा उधळण्यावरची मनाई ठेवली. बक्षिशी मात्र देता येईल, आणि ती बिलातच मिळवावी ही सक्ती चालणार नाही, असे सांगितले. टाकायची नसते, धरायची असते. जामखेडच्या बैठकीतल्या मुरलेल्या माणसाला यात नवे काही वाटले नसते.

मराठीत बैठकीच्या आतले जग नीट सांगणारे पुस्तक फार उशिरा आले, भूषण कोरगावकर यांचे 'संगीत बारी', २०१४ मध्ये. प्रेक्षक म्हणून गेलेला माणूस तिथे ऐकायला बसतो आणि बोलतात त्या बायका. त्सूच्या परंपरेला दिलेले हे एक चांगले वळण आहे. पण त्याच्याही वीस वर्षे आधी गिऱ्हाइकाचे सर्वांत जवळून घेतलेले चित्र एका वेगळ्याच माणसाने लिहिले होते, आणि त्यातला मोठा भाग आज परभणी जिल्ह्यात असलेल्या सोनपेठात घडतो.

किशोर शांताबाई काळे यांचे 'कोल्हाट्याचं पोर' हे आत्मकथन १९९४ चे. आई शांताबाई नाचणारी. या समाजात नाचणाऱ्या स्त्रीच्या आयुष्यात चिरा उतरण्याचा विधी असे. पहिला आश्रयदाता घरच्यांना रक्कम देई आणि तिथून पुढे लग्नाची वाट बंद. मालक येत आणि जात. पैशाचा ओघ आटला की मालक बदले किंवा मालकाला दुसरी कुणी आवडे. मुले आईकडे राहत. शांताबाईंनी सोनपेठच्या एका गृहस्थाच्या भरवशावर नाच सोडला आणि मुलाला करमाळा तालुक्यातील नेरले इथे आजोळी ठेवून त्या त्याच्या घरी गेल्या. लग्न नव्हतेच. काही काळाने किशोरही शिकायला तिथे आला.

म्हणजे या मुलाने मालकाला पाहिले ते दिवसाच्या उजेडात. लोड नाही, ढोलकी नाही, पुकारलेले नाव नाही. आई स्वयंपाक करते, ऐकून घेते. स्वतः पोराने घरकाम करायचे, पाणी भरायचे, बोलणी खायची आणि त्यातून अभ्यास करायचा. बैठकीत नोट धरून बसलेला हात घरात कसा वागतो, हे कुठल्याही साइकेनमध्ये वा शारेबोनमध्ये नाही. ते सोनपेठच्या त्या घरात वाढलेल्या मुलाला माहीत होते. त्याच्या समाजातल्या काहींना पुस्तक रुचले नाही, घरातले उघड्यावर आणले म्हणून. आई नाचणारी हे तर गावाला आधीच ठाऊक होते. उघड झाले होते ते मालकाचे घर.

तो मुलगा मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाला. २००७ मध्ये अपघातात त्याचा मृत्यू झाला. पुस्तकावर आणि सगळीकडे त्याने आपले नाव पूर्ण लिहिले. पहिले स्वतःचे, शेवटी आडनाव, आणि मधे, जिथे महाराष्ट्रात बापाचे नाव लिहितात त्या जागी, शांताबाई.